आजीकडचा मे महिना

मागच्या अंकात बोलता बोलता सोलापुरातल्या आमच्या कॅथलिक गल्लीचा उल्लेख झाला, आणि त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन इथे घेते. पहिल्याचं उत्तर लांबलंय. ते लांबणारच होतं.

प्रश्न : मी मूळचा मंगळवेढा तालुक्यातला, आमचं घर लिंगायत. नोकरीमुळे पुण्यात असतो. पत्नी सोलापूरची, जन्मानं कॅथलिक. दहा वर्षांपूर्वी आम्ही रजिस्टर लग्न केलं. दोन्ही घरं आता बोलती झालीत. मुलगा आठ वर्षांचा आहे. सासूबाईंची फार इच्छा आहे की त्यानं मे महिना त्यांच्याकडे, त्यांच्या गल्लीत काढावा. मलाही वाटतं, पोरानं फ्लॅटबाहेरचं जग बघावं. पण पत्नी 'नको' म्हणते. कारण विचारलं तर एवढंच म्हणते, "तुला त्या गल्लीतला मे महिना माहीत नाही." तुम्ही अशाच गल्लीत वाढलात. तिथं असं काय असतं? मुलाला पाठवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्नीनं कारण सांगितलंय. 'तुला तो मे महिना माहीत नाही' हेच कारण. म्हणून आधी तो महिना सांगते, पाठवण्याचं नंतर बघू.

आमची गल्ली रेल्वेलाईन आणि मिल यांच्यामध्ये होती. सोलापुरात रेल्वे १८६० साली आली, १८७०च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, पुढं आणखी मिली झाल्या, आणि पोटामागं माणसं येत गेली. आमच्यात नगरकडून, संगमनेर-राहुरीच्या बाजूनं आलेली मराठी कॅथलिक घरं जास्त होती. माझे आजोबा त्यातलेच. गोव्याकडचे काही रेल्वेवाले, थोडी तमिळ घरं, थोडी तेलुगू. पंचवीस-तीस दारं, समोरासमोर, वर पत्रे, मध्ये एक नळ. वडील सायझिंग खात्यात होते. सुताला खळ लावायचं काम. त्यांच्या सदऱ्याला कायम खळीचा आंबूस वास असायचा, आणि धुतला तरी तो जायचा नाही.

गल्लीत वेळ कानानं कळायची. एक मिलचा भोंगा आणि दुसरी चर्चची घंटा. घंटा सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला. देवदूतानं मरियेला निरोप दिला त्या प्रार्थनेची ती वेळ. बाराची घंटा झाली की गोट्या खेळणारी पोरं होती तिथं उभी राहायची. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, पायात चप्पल नाही. मग एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून प्रार्थना संपवायची. मध्येच सावलीत पळालं तर कुणीतरी बघायचंच.

पण गल्लीतला सगळ्यात कडक नियम धर्मपुस्तकातला नव्हता. तो होता रातपाळीचा. रात्रभर मागावर उभं राहून आलेला माणूस सकाळी आठ-नवाला झोपायचा. त्याच्या दारासमोरून पळायचं नाही, विटीदांडू काढायचा नाही, नळावर बादली आपटायची नाही. "गप बसा की बे, रातपाळीवाला झोपलाय," असं कुणीही कुणाच्याही पोराला दरडवायचं. सुट्टीचा महिना आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली दबक्या आवाजात. माझ्या आयुष्यात शिस्तीचा पहिला धडा तो होता आणि त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. ज्याच्या झोपेवर घर चालतं, त्याची झोप राखायची.

मे हा मरियामातेचा महिना. तिची मूर्ती रोज एका घरून दुसऱ्या घरी जायची. ज्या घरी जायची तिथं आदल्या दिवशी भिंतीला चुना, दाराला आंब्याची डहाळी, टेबलावर इस्त्रीची चादर. संध्याकाळी सगळी गल्ली त्या एका खोलीत आणि न मावलेली माणसं बाहेर. जपमाळ म्हणजे पाच दशकं, एकेका दशकात दहा 'नमो मरिया'. सुरुवातीचे तीन धरून त्रेपन्न वेळा 'नमो मरिया', तेही शहाबादी फरशीवर गुडघे टेकून. दिवसभर तापलेली फरशी रात्री आठलाही गरम असायची. मग मरियामातेची मोठी आळवणी. तिच्या एकेका नावानंतर सगळे म्हणणार, 'आम्हांसाठी विनंती कर'. व्हॅटिकनची दुसरी धर्मसभा १९६५ साली संपली, उपासना मराठीत आली, पण माझी आजी शेवटपर्यंत 'ओरा प्रो नोबिस' असंच उत्तर द्यायची. तिच्याबरोबर गल्लीतले रेल्वेवाले गार्डकाका द्यायचे. त्या दोघांचं लॅटिन आणि बाकीच्यांचं मराठी एकाच लयीत चालायचं. प्रार्थना संपली की फुटाणे, गूळ, लिंबाचं सरबत. ते वाटताना घरच्या बाईच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी पुढं श्रीमंताघरच्या लग्नातही पाहिला नाही.

आजीच्या कडकपणाबद्दल एक सांगायलाच हवं. पूर्वी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीत) मिळणारी पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असा नियम होता. १९५३ साली पोपनी पाण्याला मुभा दिली आणि १९६४ पासून तर उपास एका तासावर आला. आजीला हे सगळं माहीत होतं. तरी रविवारी मिस्सा होईपर्यंत ती घोटभर पाणी घ्यायची नाही, मेच्या उकाड्यात रात्रभर तगमग करून उठलेली असली तरीही. मात्र आम्हा नातवंडांना ती स्वतः उठवून पाणी पाजायची, एक तास मोजून. कडकपणा स्वतःसाठी, सूट पोरांसाठी. सगळी वडीलधारी माणसं अशी नव्हती, त्याकडे येतेच.

मेची पहिली तारीख आमच्याकडे तीन अंगांनी यायची. कामगार दिन, १९६० पासून महाराष्ट्र दिन, आणि १९५५ साली पोप बाराव्या पायसनी ठरवून दिलेला कामगार संत योसेफाचा सण. वडील सकाळी लाल बावट्याच्या मिरवणुकीत जायचे, संध्याकाळी चर्चमध्ये. अवजारांना आशीर्वाद मिळायचा त्या दिवशी. वेदीपुढं विणकराचा धोटा, फिटरचा पाना, शिंप्याची कात्री, तेलाची बुधली, सगळं ओळीनं मांडलेलं. फादरांना लाल बावटा फारसा रुचत नसे. एकदा आजीनं वडिलांना विचारलं, "आरं, तिकडं देव मानत न्हाईत म्हणं?" वडील म्हणाले, "आई, योसेफ सुतार व्हता की. त्येचीबी मजुरी कुणीतरी बुडवली आसलच." आजी काही बोलली नाही. पुढल्या वर्षी तिनंच त्यांच्या मिरवणुकीच्या सदऱ्याला इस्त्री केली.

आणि १९७३चा उन्हाळा. मी नऊ वर्षांची होते. आदल्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. त्या मेमध्ये महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं खडी फोडत होती, बांध घालत होती. मोहोळ, करमाळ्याकडचे नातेवाईक गल्लीत आले, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. मालदांडीच्या भाकरीवर वाढलेल्या बायकांच्या हातात त्याची भाकरी थापता थापता चिरायची आणि त्या रडायच्या. चर्चच्या आवारात अमेरिकेहून आलेल्या दूधपावडरचं दूध मोठ्या भांड्यात उकळायचं. ढवळायला गल्लीतल्या बायका पाळीनं जायच्या, प्यायला कुठल्याही जातीधर्माची पोरं यायची. त्याच दुधावरून आम्हाला शाळेत 'दूधपावडरवाले ख्रिस्ती' म्हणून चिडवलं गेलं. चिडवणाऱ्यांतले काही रांगेत आमच्यापुढंच उभे असायचे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना भूक लागलेली व्हती. तू मोजू नको." त्या उन्हाळ्यात गल्लीतलं एकही पोर उपाशी झोपलं नाही. मी पुढं आयुष्यभर नर्सची नोकरी केली, अनेक वस्त्या पाहिल्या, म्हणून हे जबाबदारीनं लिहिते. तसं सगळीकडे होत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मग पाठवायला हरकत काय? आता दुसरी बाजू.

जे डोळे 'जेवलीस का गं' म्हणून बघायचे, तेच डोळे बाकी सगळंही बघायचे. कोण मिस्सेला आलं नाही, कोणाच्या घरून शुक्रवारी, मांस न खायच्या दिवशी, मटणाचा वास आला, कोणाची पोरगी कोणाशी बोलत उभी होती. माझ्या आत्यानं गल्लीबाहेर लग्न केलं, चर्चविना, १९६०च्या दशकात. ती दोन गल्ल्या सोडूनच राहायची. तिच्या घरी मरियामातेची मूर्ती कधी गेली नाही. मेच्या संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडाशी, डोक्यावर पदर घेऊन, ओठ हलवत उभी राहायची. आत येऊ नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, पण येही म्हटलं नव्हतं. प्रार्थना संपली की आजी फुटाण्यांची पुडी माझ्या हातात द्यायची. "हे घे, तिला दे. बोलत बसू नको." रोज. एकही दिवस चुकवला नाही, आणि एकही दिवस स्वतः उठून गेली नाही. आजीवर माझं फार प्रेम होतं, आजही आहे. पण तिनं एक दिवस तरी उठून जायला हवं होतं, असं मला आज वाटतं आणि मी ते लिहिणार.

दुसरी गोष्ट आमच्या वर्गातल्या एका मुलाची. १९१० साली पोप दहाव्या पायसनी ठरवल्यापासून मूल समजतं झालं, म्हणजे सात-आठ वर्षांचं झालं, की पहिलं ख्रिस्तशरीर घेतं. त्याआधी पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढं आपल्या पापांची कबुली. त्याची तयारी सुट्टीत, रोज सकाळी. शिकवणारे कॅटेकिस्ट तळमळीचे होते, पण भीती घालून शिकवायचे. पाप लपवून ख्रिस्तशरीर घेतलं तर आत्मा मेला, असं ते सांगायचे. त्या मुलाचे वडील हातभट्टीची प्यायचे. घरातलं सगळ्यात मोठं पाप तेच, आणि ते आपण सांगायचं की नाही, सांगितलं तर बापाला काय होईल, या विचारानं तो आठवडाभर झोपला नाही. शेवटी सणाच्या दिवशी पांढरा सदरा घालून तो चर्चच्या पायरीवर बसून राहिला, आत आलाच नाही. मला हे त्यानं स्वतः सांगितलं, पण खूप वर्षांनी. त्या दिवशी गल्लीनं त्याच्या आईला बोल लावला. त्याला मात्र कुणी विचारलं नाही. एवढ्या जवळजवळ राहणाऱ्या माणसांत ते पोर एकटं पडलं.

आता तुमच्या घरात येते. तुमच्या पत्नीच्या मनात काय आहे ते मी इथं बसून सांगू शकत नाही, पण एक विचारून बघा. माहेरी गेल्यावर ती मिस्सेला जाते का, आणि गेली तर ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत उठते का? कॅथलिक व्यक्तीनं नुसतं रजिस्टर लग्न केलं तर चर्चच्या हिशेबी ते लग्न धरलं जात नाही आणि तिला ख्रिस्तशरीर घेता येत नाही. सगळा बाक उठतो, एक बाई बसून राहते. अशा गल्लीत ते प्रत्येकाला दिसतं. बसून राहिलेली आई आठ वर्षांच्या मुलाच्या नजरेला पडावी, किंवा कुणी त्याला त्याबद्दल विचारावं, हे तिला नको असेल. तसं असेल तर 'नको'चा अर्थ फार वेगळा होतो.

ही गोष्ट मार्गी लावता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तुम्ही धर्म बदलायची गरज नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची परवानगी लागते. ती घेऊन, आधीच झालेलं रजिस्टर लग्नसुद्धा नंतर चर्चमध्ये नियमित करता येतं. १९७० साली पोप सहाव्या पॉलनी मिश्र विवाहाचे नियम सैल केले. तेव्हापासून वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो, की मी माझा विश्वास जपीन आणि मुलांना त्यात वाढवण्यासाठी मला शक्य ते करीन. दुसऱ्यानं काही वचन द्यायचं नसतं, त्याला ते कळवलेलं असलं की झालं. माझ्या आत्याच्या वेळी ही वाट इतकी सोपी नव्हती. हे करायचं की नाही हे तुमच्या पत्नीनं ठरवायचं. तुम्ही फक्त म्हणा, "तुला हवं असेल तर मी फादरांकडे बरोबर येतो." सासूबाईंच्या वतीनं किंवा मुलाच्या सुट्टीसाठी तिला गळ घालू नका.

तुमच्या पत्रात न लिहिलेली एक शंका मला दिसते. तिकडे त्याचा बाप्तिस्मा तर करणार नाहीत ना? नाही. आई-वडिलांपैकी किमान एकाच्या संमतीशिवाय मुलाला बाप्तिस्मा देऊ नये असा चर्चचाच नियम आहे. मरणाच्या दारातलं मूल हा अपवाद. बाप्तिस्मा नसल्यानं तो ख्रिस्तशरीर घेणार नाही. मात्र रांगेतून पुढं जाऊन, छातीवर हात जुळवून, आशीर्वाद घ्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. त्यालाही जायचं असेल तर जाऊ दे.

पाठवायचं म्हणाल तर, महिनाभर एकट्याला पाठवू नका. पहिल्या वर्षी आईबरोबर आठ-दहा दिवस. आई तयार असली तरच. ती तयार नसेल तर सासूबाईंना पुण्याला बोलवा आणि त्यांची जपमाळ तुमच्या फ्लॅटमध्ये होऊ द्या. त्याला आजी हवी आहे, गल्ली नंतरही मिळेल. जायचं ठरलं तर सासूबाईंशी आधी स्पष्ट बोला. प्रार्थनेला तो बसेल, वाटलं तर गुडघे टेकेल, नाहीतर खाटेवर बसेल, आणि पाप-नरक हे विषय त्याच्याशी काढायचे नाहीत. त्यांना क्षणभर लागेल. पण गल्लीतल्या बाया शब्दाला पक्क्या असतात, एकदा 'हो' म्हटलं की पाळतात. आणि मुलालाही सांगून ठेवा, तिथं कुणीही त्याला जेवायला बोलावू शकतं आणि कुणीही रागावू शकतं. रागावलेलं पटलं नाही तर रात्री आईला सांगायचं. त्या मुलाजवळ असं रात्री सांगायला कुणी असतं, तर तो पायरीवर बसून राहिला नसता.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. सुट्टीत मुलांना मोबाईलशिवाय काही सुचत नाही. तुम्ही मुलं तेव्हा दिवसभर करायचात काय? आणि खायचात काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सकाळचा वेळ धर्मशिक्षणात जायचा आणि मग रातपाळीमुळे बिनआवाजाचे खेळ. सागरगोटे, काचापाणी, चिंचोके. सागरगोटे पोत्यावर खेळायचे, फरशीवर आवाज होतो म्हणून. तीन-साडेतीनच्या भोंग्याला पाळी सुटली की विटीदांडूला परवानगी.

मे महिन्यात खरं काम वाळवणाचं असायचं. कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड. आज या घरचे, उद्या त्या घरचे, बायका सगळ्या मिळून. चीक घोटायला दोन दंड लागतात, ते कुठल्याही घरचे असत. पोरांच्या हाती काठी देऊन कावळे हाकायला बसवत आणि मजुरी म्हणून ओली कुरडई. तुमच्या वर्गातल्या मुलांना हे आजही करता येईल. एका इमारतीनं एका गच्चीवर चार दिवस एवढं केलं तरी पोरांना कळतं की खाणं कुठून येतं.

शेजारच्या गल्लीत पद्मशाली विणकरांची घरं होती. दिवसभर मागांचा खटखटाट. तिथली एक तेलुगू मुलगी माझी मैत्रीण होती. तिची आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची आणि ही दोऱ्यानं जुड्या बांधायची. तिचं काम उरकेपर्यंत मी तिथं बसून राहायची, मग ती आमच्याकडे. संध्याकाळी ती जपमाळेलाही यायची, फुटाण्यांसाठी म्हणा किंवा माझ्यासाठी. 'आम्हांसाठी विनंती कर' हे ती आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणायची. आजीनं तिला कधी उठवलं नाही, उलट पंख्याखाली बसवायची. मी त्यांच्याकडे मार्कंडेयाच्या सणाला जेवायला जायची. आमच्या कडक गल्लीतही मुलांच्या येण्याजाण्याला ही वाट मोकळी होती. लग्नाला नव्हती, हे वर लिहिलंच आहे.

खाणं साधं. सकाळी ज्वारीची आंबील, ताक घालून. दुपारी कडक भाकरी चुरून दही आणि शेंगदाण्याची चटणी. कडक भाकरी पातळ थापून, चांगली भाजून वाळवली की दिवसच्या दिवस टिकते. पाळीवाल्यांच्या डब्याला ती बरी पडायची. चटणी मात्र उखळात कुटलेलीच हवी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं, आणि शेंगदाण्याला तेल सुटून गोळा होईपर्यंत कुटायचं. मिक्सरवर केली तर पूड होते, चटणी होत नाही. शुक्रवारी मांस नाही. रविवारी मिस्सेनंतर मटण, पगाराच्या आठवड्यात असेल तर. नसेल तर वजडी, आणि आईच्या हातची वजडी मी मटणाच्या वर ठेवीन. कैरी उकडून पन्हं रोज, कारण कैऱ्या गार्डकाका येताना गाडीतून घेऊन यायचे आणि सगळ्या दारांत वाटायचे.

रात्री खाटा बाहेर. आजी संतांच्या गोष्टी सांगायची. कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं, ही गोष्ट आम्ही रोज मागायचो. पेत्राला माफी मिळाली म्हणून ती आवडायची.

प्रश्न : माझे आजोबा सोलापूरच्या मिलमध्ये होते. ते ख्रिस्ती होते एवढंच घरात माहीत आहे. मिल बंद पडल्यावर वडील पिंपरीला आले आणि सगळे धागे तुटले. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडेल का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : सापडण्याची शक्यता चांगली आहे, पण आधी कॅथलिक की प्रोटेस्टंट हे ठरवावं लागेल. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम फार मोठं होतं, त्यामुळे इथली पुष्कळ ख्रिस्ती घरं प्रोटेस्टंट. मिशनच्या त्या मंडळ्या १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. घरात जुनी जपमाळ, मरियामातेचं किंवा एखाद्या संताचं चित्र, गळ्यातलं पदक असं काही असेल तर आजोबा बहुतेक कॅथलिक. आजी 'मिस्सा' म्हणायची की 'उपासना', हेही वडिलांना विचारा. एवढ्यावरून बरंच कळतं.

कॅथलिक असतील तर सोलापूर हे पुणे धर्मप्रांतात येतं, तो १८८६ साली स्थापन झाला. प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू अशा वेगवेगळ्या नोंदवह्या असतात. विवाह झाला की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतल्या त्याच नावासमोर समासात करायची पद्धत आहे, त्यामुळे एक नोंद सापडली की दुसरीचा पत्ता लागतो. बाप्तिस्मा मात्र बहुधा जन्मगावी झालेला असतो. आजोबा नगरकडून आलेले असतील तर ती वही तिकडच्या एखाद्या गावच्या चर्चमध्ये असेल. अशा वेळी सोलापुरात विवाहाची नोंद आधी शोधा. तिच्यात बाप्तिस्मा कुठला ते लिहिलेलं असतं.

प्रमुख धर्मगुरूंना पत्र लिहा आणि त्यात आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या आई-वडिलांची नावं, अंदाजे जन्मवर्ष, माहीत असतील तर धर्ममाता-धर्मपित्याची नावं द्या. बाप्तिस्म्याचं नाव घरच्या नावाहून वेगळं असू शकतं. माझ्या वडिलांचं होतं. मिलमधल्या पगारपुस्तकावर एक नाव आणि वहीत दुसरं. त्यामुळे दोन्ही कळवा. वही शोधायला फादरांना वेळ लागतो, रविवारी मिस्सेनंतर गाठू नका. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, आधी फोन करून, स्वतः जा. जाताना वडिलांना बरोबर न्या. त्यांना गल्ली ओळखू येईल आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कदाचित तेही.